वेताच्या खुर्चीचं अंतर

माझे सासरे तारांगणात निवेदक होते. निवृत्तीनंतरही आवाज तसाच. चहा मागितला तरी घुमटाखाली बसल्यासारखं वाटायचं. सासूबाईंना कायम थंडी वाजायची. हिवाळ्यात बाबा हीटर लावत आणि त्यांची वेताची खुर्ची मागेपुढे करत नेमकी जागा शोधत.

"फार जवळ गेलं की भाजतं, फार लांब गेलं की गोठतं. प्रत्येक ताऱ्याभोवती असा एक राहण्याजोगा पट्टा असतो."

"पुरे तुमचं व्याख्यान," म्हणत आई बसत.

आई गेल्या. पाठोपाठ बाबा पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि ते अंथरुणाला खिळले. माझा नवरा बोटीवर असतो, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. थंडी सुरू झाल्यावर मी हीटर बाबांच्या खोलीत लावला. आईंची खुर्ची तिथेच, जुन्या अंतरावर होती.

एका दुपारी हीटरची एक सळई गेली. शाळेतून आले तर खुर्ची हीटरजवळ सरकलेली. मी ती मागे ओढली. चहा करून आले, तर पुन्हा पुढे.

"बाबा, कोणी आलं होतं का?"

"कोण येणार? ताऱ्याचं तेज उतरलं की पट्टा आत सरकतो, सूनबाई."

मी मुलांना विज्ञान शिकवते. फरशीला उतार असेल म्हणून गोटी ठेवून पाहिली. ती जागची हलली नाही. मी सळई बदलून घेतली. सकाळी खुर्ची आपल्या जुन्या जागी मागे गेली होती.

थंडी सरली, हीटर माळ्यावर गेला आणि बाबांना ताप येऊ लागला. आता खुर्चीचं तोंड पलंगाकडे असायचं. ताप चढला की ती लांब, उतरला की जवळ. थर्मामीटर लावायच्या आधीच मला कळे. भीती वाटायची, नाही कशाला म्हणू? पण बाबा तिकडे बघून हसत, तेव्हा मी दार हलकेच ओढून घेई.

एका सकाळी खुर्ची पलंगाला टेकली होती. बाबांचा हात तिच्या हातावर.

बोटं गार होती. वेत मात्र उबदार.

खुर्ची टाकून देववेना. माझ्या टेबलाशी आणून ठेवली. मी पेपर तपासते तेव्हा ती हातभर अंतरावर असते. खरं सांगायचं तर बरं वाटतं. आईही अशाच बसायच्या, न बोलता.

कालपासून ती वीतभर अंतरावर आली आहे.

मला काही होत नाहीये. मी दोन स्वेटर घालून बसले आहे.

ती मागे सरकत नाही.