तीन मिनिटांचा घास

‘समसंवेदक’ घरोघरी पोचला आणि ‘ज्याचं जळतं त्यालाच कळतं’ ही म्हण मोडीत निघाली. दोन पातळ पट्ट्या असत. एक आजाऱ्याच्या डोक्याला बांधायची, दुसरी ज्याला त्याचं दुःख समजून घ्यायचंय त्याच्या. पहिल्या मेंदूत भीतीची किंवा वेदनेची जी लाट उठे, तशीच्या तशी लाट दुसऱ्या मेंदूत उठवली जाई. विचार जात नसत, फक्त भावना जाई. अर्धशिशीला ढोंग म्हणणारे साहेब आता दोन मिनिटांत रजा मंजूर करू लागले होते.

मिरजेचे शर्विल आवटी वजनमापे निरीक्षक होते. काट्यावर चढवल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा खाक्या. त्यामुळे पंधरा वर्षांच्या इराचा, त्यांच्या एकुलत्या एक लेकीचा, त्रास त्यांना कधी खरा वाटलाच नाही. त्यांनी आमटीचा भुरका मारला की ती ताटावरून उठायची. बायको गेल्यापासून घरात बापलेक दोघंच, आणि गेली दोन वर्षं लेक दार लावून एकटी जेवत होती. आता तर ती वसतिगृहात जायचं म्हणत होती. तेव्हा मात्र आवटी तिला घेऊन डॉ. मैथिली सोनवण्यांकडे आले.

“नखरे आहेत, डॉक्टर! रस्त्यावरचे कर्कश्श हॉर्न चालतात हिला. माझं चावणं तेवढं चालत नाही.”

“मिसोफोनिया असाच असतो,” डॉक्टर म्हणाल्या. “कान उत्तम असतात. पण चावणं, नाक ओढणं असले बारीक आवाज आले की मेंदूतला धोक्याची सूचना देणारा भाग खवळतो. त्यात ऐकण्याच्या केंद्राची तोंड हलवणाऱ्या केंद्राशी नको तितकी जवळीक असते. चावता तुम्ही, आणि हिला वाटतं, कुणीतरी माझ्याच तोंडात शिरलंय. जितकं माणूस जवळचं, तितका छळ जास्त.”

“मग करायचं काय?”

“जेवताना पंखा लावा, गाणी लावा. ती उठून गेली तर रागावू नका. बाकीचे उपचार सावकाश करू.”

“आधी मला बघू तर द्या काय होतं ते. लावा ती पट्टी.”

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. “तिच्यावर विश्वास ठेवायला तिच्यासारखं वाटायलाच हवं का, आवटीसाहेब? या त्रासासाठी समसंवेदक अजून कुणी लावलेला नाही.”

“तीनच मिनिटं,” इरा हळूच म्हणाली. “पण मग मला नखरेल म्हणायचं नाही, बाबा.”

भाकरी-आमटी मागवली गेली, दोघांना पट्ट्या बांधल्या गेल्या आणि आवटी इरासमोर जेवू लागले. पहिल्या घासाला काहीच झालं नाही. दुसऱ्या घासाला आवटींची पाठ ताठ झाली. खोलीत कुणीतरी चावत होतं. ओलं, सावकाश, निर्लज्ज. छाती धडधडू लागली, मुठी आवळल्या गेल्या. ते तोंड बंद करायलाच हवं होतं, हाणून, फोडून, कसंही. त्यांनी ते तोंड शोधलं, तर ते त्यांचं स्वतःचंच होतं. आणि त्या संतापाच्या तळाशी बर्फासारखी गार भीती होती. आपला हात उठेल, याची भीती.

पट्ट्या सुटल्या तेव्हा इरा रडत होती. “मला तुमची भीती नाही वाटत, बाबा. माझीच वाटते.”

“चुकलो गं पोरी,” आवटींनी तिला जवळ घेतलं. वसतिगृहाचा विषय तिथेच मिटला.

लाट तासाभरात ओसरते, असा डॉक्टरांचा अनुभव होता. अकराव्या दिवशी आवटी एकटेच त्यांच्यासमोर येऊन बसले. गाल आत गेले होते. ताक आणि पेज यांपलीकडे काही खाल्लं नव्हतं.

“मेंदू भीती एका झटक्यात शिकतो,” डॉक्टर अपराधी स्वरात म्हणाल्या. “विसरायला त्याला वर्षं लागतात.”

“इरा उठून दुसऱ्या खोलीत जाते. मी कुठे जाऊ?”

“तीच अडचण आहे. स्वतःच्या चावण्याचा आवाज जबड्याच्या हाडातून थेट आत जातो. कान झाकले तर बाहेरचे आवाज थांबतात आणि हा उलट वाढतो.”

“इराला यातलं काही सांगू नका,” आवटी म्हणाले. “माझ्यामुळे झालं म्हणेल.”

पण इराला दिसत होतंच. रविवारी दुपारी तिने दोन ताटं वाढली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा वडिलांसमोर जेवायला बसली. आवाज अडवणारी आपली कर्णकवचं तिने त्यांच्या कानांवर चढवली. “मला यांनी खूप बरं वाटतं. आता जेवा.”

नाही म्हणायचं, तर कारण सांगावं लागणार होतं. आवटींनी घास घेतला.

पंख्याची घरघर गेली, रस्ता गेला, इराचा आवाजही गेला. उरलं फक्त ते चावणं, कवटीभर. टेबलाखाली त्यांची उजवी मूठ आवळली गेली. ती त्यांनी डाव्या हाताने घट्ट धरून ठेवली. इरा हाताच्या अंतरावर बसली होती.

‘बरं वाटतंय ना?’ तिचे ओठ हलले.

आवटींनी मान डोलावली. इरा खुदकन हसली, पुढे झुकली, आणि दुसरा घास तिने स्वतःच्या हाताने त्यांच्या तोंडाशी धरला.