आबांच्या बोलपाटीचे पाच पहारेकरी

एक साधं वाक्य बोलायला माझ्या आबांना चार मिनिटं का लागत होती, हे कोडं मला तीन आठवडे सुटलं नाही. खरं सांगायचं तर मी ते सोडवायचा नीट प्रयत्नही केला नव्हता. मी कंटाळले होते. आई कंटाळली होती. बाबा महिनाभर दौऱ्यावर होते, आणि अमरावतीच्या त्या उन्हात आमचा कूलरसुद्धा कंटाळल्यासारखा घरघरत होता.

आधी आबांबद्दल सांगते. आबा म्हणजे माझे आजोबा, संगणकशास्त्राचे प्राध्यापक. चाळीस वर्षं त्यांनी वर्गात बोलण्याचं काम केलं. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि आवाज गेला. डोकं लख्ख शाबूत, डावा हात थोडा हलतो, पण जीभ काही वळत नाही. म्हणून आवाज गेलेल्यांना मदत करणाऱ्या वाचा-केंद्राने त्यांना बोलपाटी दिली. हा पलंगासमोर उभा केलेला पातळ संगणक. त्यातला कॅमेरा आबांच्या बुबुळांकडे बघत राहतो. आबा पडद्यावरच्या ज्या अक्षरावर नजर टेकवतील ते अक्षर तो उचलतो, पुढचा शब्द कुठला असेल याचा अंदाज बांधतो आणि शब्द बोलून दाखवतो, तोही आबांच्याच जुन्या आवाजात. पहिले काही महिने आबा इतके बोलायचे की आई म्हणायची, जरा श्वास घ्या.

मग बोलपाटी मंदावत गेली. नजर टेकवली की पडद्यावरचं चाक फिरत बसायचं. रोज दुपारी चारला मी शाळेतून आले की आबा माझ्याकडे बघून बोलायला लागायचे. बोलपाटी म्हणायची, “तू”. मग चाक. मी उठून पाणी आणायचे. परत “तू”, परत चाक. मी उशी सरळ करायचे, पडदा ओढायचे, कूलरची दिशा बदलायचे. शेवटी आबा डोळे मिटून घ्यायचे आणि मला वाटायचं, चला, काहीतरी बरोबर केलं असेल.

अशात केंद्रातून निरोप आला. तुमच्या बोलपाटीवर तीन आठवडे दिवसाला वीस शब्दसुद्धा होत नाहीत. ती वापरात नाही असं दिसतं. रांगेत दुसरे रुग्ण आहेत, तर शुक्रवारी सकाळी अकराला आमची माणसं ती न्यायला येतील. आईने दोनदा फोन केला, पण पलीकडे माणूस नव्हता, यंत्र होतं. शेवटी तिने फोन ठेवून दिला.

गुरुवारी माझी शाळा सकाळची होती. आबांची दुपारची झोप झाल्यावर मी त्यांच्यासमोर स्टूल ओढलं आणि म्हटलं, “आबा, आज मी पाणीबिणी आणणार नाही. काय बिघडलंय तेवढं सांगा. कितीही वेळ लागू दे.”

सव्वा मिनिटाने शब्द आला, “पहारेकरी.” आणखी बऱ्याच वेळाने दुसरा आला, “मोज.”

मी सेटिंग उघडली. आबा पहारेकरी म्हणतात ते अँटीव्हायरसला (संगणकात गुपचूप शिरून स्वतःच्या प्रती काढत नासधूस करणाऱ्या प्रोग्रॅमना पकडणारा प्रोग्रॅम). मी मोजले. पाच निघाले.

आता पाच कुठून आले, ते तुम्हाला आमच्या घरात राहिल्याशिवाय कळायचं नाही. आजाऱ्याला भेटायला कोणी रिकाम्या हाताने येतं का? सुरुवातीला सफरचंदं आली, शहाळी आली. मग बातमी आली की कुठेतरी बोलपाट्यांमध्ये व्हायरस शिरलाय. झालं. अकोल्याच्या काकांनी आल्या आल्या आपला लाडका अँटीव्हायरस बसवून दिला. वर्ध्याच्या सुलभा आत्याने तिचा दिला आणि आईला बजावलं, “हा काढू नकोस हं वहिनी, याच्यासारखा दुसरा नाही.” समोरच्या वानखडे काकूंनी त्यांच्या मुलाकडून एक आणला. एक केंद्राकडून मुळातच होता. आणि पाचवा मी घातला होता. त्याच्यावर ढाल घेतलेल्या वाघाचं चित्र होतं, म्हणून. कोणाचाही काढायचा प्रश्नच नव्हता, कारण देणाऱ्याला वाईट वाटलं असतं.

“पण पाच असले तर पाचपट सुरक्षित ना?” मी विचारलं. आमची एक खूण ठरलेली होती. आबांनी बोट एकदा आपटलं तर हो, दोनदा आपटलं तर नाही. बोट दोनदा आपटलं.

मग त्यांनी नजर स्वयंपाकघराकडे वळवली. तिथे आई फोनवर बोलत होती. “हो, झटका सकाळी आला. हो, डावा हात हलतो. हो, डॉक्टर तेच.” हे ती वर्षभर सांगत होती, येणाऱ्या प्रत्येकाला, तेच, तसंच, पहिल्यापासून. त्यातच तिचा दिवस जायचा आणि कामं तशीच पडून राहायची.

मी आबांकडे बघितलं. “म्हणजे बोलपाटीचं असं झालंय?” बोट एकदा आपटलं.

मग मी एकेक विचारत गेले आणि आबा बोट आपटत गेले. त्यातून मला कळलं ते असं. एक शब्द शोधायला बोलपाटी शेकडो छोट्या फायली उघडते. प्रत्येक पहारेकरी प्रत्यक्ष पहारा देतो (म्हणजे फाईल उघडताक्षणी ती तपासतो). पाच असले की एकाच फाईलची पाचदा तपासणी होते, आणि पाचांची होईपर्यंत शब्द दारात उभा राहतो. त्यातून प्रत्येकाजवळ ओळखखुणांची यादी असते (आजवर सापडलेल्या व्हायरसचे नमुने). दुसऱ्याला ती यादी दिसली की तिच्यातल्या खुणा बघून त्याला संशय येतो, हाच तर व्हायरस नाही? म्हणजे हे पाच जण एकमेकांनाही तपासत होते.

“मग सगळेच काढू?” बोट दोनदा आपटलं, चांगलंच जोरात. बोलपाटी इंटरनेटच्या जाळ्याला जोडलेली असते, डॉक्टरांचे अहवाल तिच्यातून जातात. दार सताड उघडं टाकून चालणार नव्हतं. एक हवा, पण एकच.

कुठला, हे कसं ठरवायचं? मला वाटलं, सर्वांत गाजलेला. आबांनी घड्याळाकडे बघितलं. म्हणजे मोजायचं.

बोलपाटीत एक सराव-वाक्य असतं, ते ती आपणच पुन्हापुन्हा जुळवून दाखवते. ‘आज कूलरमध्ये पाणी भरलं का?’ पाचही चालू असताना त्याला चार मिनिटं लागली. मग मी जाळं तोडलं आणि पाचही बंद करून बघितलं, तर सहा सेकंदं. त्यानंतर एका वेळी एकच चालू ठेवायचा, बोलपाटी बंद करून परत सुरू करायची आणि तेच वाक्य तीनदा मोजायचं. एकदा मोजलेलं फसवू शकतं, म्हणून तीनदा. हे सगळं फार कंटाळवाणं होतं. विज्ञान म्हणजे धूर आणि ठिणग्या असतील असं मला वाटायचं. माझ्या वाट्याला स्टूल, घड्याळ आणि वही आली.

काकांच्या पहारेकऱ्याला एकतीस सेकंदं लागली. कारण तो तपासलेल्या फाईलचा ठसा ठेवत नव्हता (ठसा म्हणजे ही बघून झाली, बदललेली नाही, अशी नोंद), त्यामुळे तीच फाईल पुन्हा पहिल्यापासून तपासायचा. आत्याच्या पहारेकऱ्याला एकोणीस. माझा वाघ चोवीस सेकंदं घ्यायचा, आणि मधेच ‘मी तुमचं रक्षण करतोय’ अशा पाट्या झळकवायचा. मला माझीच लाज वाटली. वानखडे काकूंचा साडेसहा सेकंदांत मोकळा. मी म्हटलं, “ठरलं, हाच.”

बोट दोनदा आपटलं. मी त्याची यादी उघडून तारीख बघितली. चौदा महिन्यांपूर्वीची. चौदा महिन्यांत आलेला एकही व्हायरस त्याला ओळखू आला नसता. तो झोपला होता म्हणून कोणाला अडवत नव्हता.

राहिला केंद्राचा. आठ सेकंदं, ठसे ठेवणारा, यादी त्याच सकाळी ताजी झालेली. त्याच्यावर चित्रबित्र काही नव्हतं, म्हणून इतके दिवस आमचं लक्ष गेलं नव्हतं. त्याची पूर्ण तपासणी (सगळ्या फायली एकदम चाळून बघणं) मी दुपारी दीड ते अडीच ठेवली, कारण तेव्हा आबा झोपतात.

बाकीचे चार काढायची वेळ आली तशी आई दारात येऊन उभी राहिली. “अगं, आत्यांना काय सांगू मी? रविवारी फोन आला की पहिलं तेच विचारतात.” तिचा आवाज रडवेला झाला होता.

मी आबांकडे बघितलं. “काढू?” त्यांचं बोट एकदा आपटलं.

मी चारही काढले, बोलपाटी बंद करून पुन्हा सुरू केली, जाळं जोडलं. पाच वाजले होते. आबांनी नजर टेकवली आणि म्हणाले, “सुलभाला फोन लाव.” आईने लगेच फोन लावला.

आत्या फोनवर आली. आबा म्हणाले, “सुलभा, तू दिलेला पहारेकरी काढलाय. आता बोलता येतंय. रागावू नकोस.” मग आत्या म्हणाली, “आबा, तुमचा आवाज ऐकला ना, मग काय हवं ते काढा,” आणि रडायला लागली.

फोन ठेवल्यावर आबांनी माझ्याकडे बघितलं. बोलपाटी म्हणाली, “तू”. सवयीने मी उठले आणि तांब्या घ्यायला निघाले. या वेळी चाक फिरलं नाही.

“तू कुठे निघालीस? तीन आठवडे मी एकच सांगतोय. तू दमली आहेस. शाळेतून येतेस आणि माझ्याभोवती धावत राहतेस. पाणी नको मला. तू जरा बस.”

मी तिथेच उभी राहिले. मी विचारलं, “आणि उद्या? ती माणसं येणार ना अकराला?”

“येऊ देत. त्यांच्याशी मी बोलतो. त्यांच्याकडे अशा मंदावलेल्या बोलपाट्या अजून किती आहेत तेही विचारतो. तुझी वही जपून ठेव, लागेल.”

मग मी तांब्या खाली ठेवला आणि आबांच्या पायाशी पलंगावर बसले.