बंद घराच्या ओट्यावरची मांजर

फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहेत. ज्याला हे खोटं वाटतं त्याने लामू बेटावर यावं आणि आमच्या गल्लीत अबूद मच्छीमाराचं घर विचारावं. मी फोटो दाखवीन.

फक्त घरात बोलावणार नाही.

रमजान ईद होऊन थोडेच दिवस झाले होते. असरची, म्हणजे दुपार कलतानाची नमाज आटोपून मी नेहमीसारखा फिरायला निघालो होतो... मांजराचा फोटो काढायला.

हसू नका. आमच्या बेटावर माणसांपेक्षा मांजरंच जास्त, आणि माझ्या झेनाताईचा त्यांच्यावर भारी जीव. पण तिची लहानगी तापाने गेली आणि ताई माहेरी येऊन खोलीत बसली ती बसलीच. दोन घास खायची. बोलायची तर अजिबात नाही.

एकदा सहज तिला एका बोक्याचा फोटो दाखवला.

"वाळलाय बिचारा," ती म्हणाली.

तेवढं तरी बोलली. तेव्हापासून रोज एक फोटो न्यायचा, हा माझा नेम झाला. ती एक शब्द बोलली तरी मला रात्री झोप लागायची.

त्या दिवशीही शेजारच्या फमाऊ आजोबांनी त्यांच्या ओट्यावरून टोमणा मारलाच. "अबूद, तुझ्या वयात आम्ही पोरी बघायचो रे. तू मांजरी बघत फिरतोस."

"मांजरींचे बाप अंगावर धावून येत नाहीत, आजोबा."

म्हातारा खोकेपर्यंत हसला. मी वरच्या गल्लीत वळलो.

तिथे कोणीच नव्हतं. एरवी एखादं गाढव तरी वाट अडवून उभं असतं. त्या दिवशी तेही नव्हतं.

एका बंद घराच्या ओट्यावर तांबडी मांजर उभी होती. डोळे मिटलेले, शेपटी ताठ. घुर्रघुर्र लांबूनही ऐकू येत होती.

मी फोटो काढला. बघितला.

मांजरीच्या पाठीवरचे केस दबलेले होते... तळहाताएवढी जागा.

वारा नव्हता. मी दुसरा फोटो काढला. दबलेली जागा आता शेपटीजवळ होती.

कोणीतरी तिला गोंजारत होतं.

मी दाराकडे पाहिलं. बाहेरून कुलूप होतं, गंजून लाल झालेलं. मी लहान होतो तेव्हाही ते तसंच होतं.

आणि मग आवाज आला... दाराच्या आतून.

"येऊ का?"

आमच्याकडे कोणाच्याही दारात तीनदा 'येऊ का' विचारायचं असतं. आतल्याने 'या' म्हटलं तर उंबरा ओलांडायचा, नाहीतर मुकाट परत फिरायचं. पण विचारतो तो बाहेरचा. आतला कधीच नाही.

"येऊ का?"

मी मागे वळून पाहिलं. गल्ली रिकामीच.

"येऊ का?"

"या," मी म्हणालो.

शपथेवर सांगतो, मला म्हणायचं नव्हतं. पण जन्मभराची सवय आहे. कोणी विचारलं की तोंड आपोआप 'या' म्हणतं.

आत काहीच हललं नाही. कुलूपही तसंच. मांजरीने मात्र टुणकन खाली उडी मारली.

मी झपाझप घराकडे निघालो. ती माझ्यासोबत आली, पण माझ्या पायाशी नाही. हातभर अंतर ठेवून, अंग घासत घासत चालत होती... तिथे घासायला काही नव्हतं.

आमच्या उंबऱ्याशी ती थांबली. फिस्कारली आणि पळाली.

मी आत गेलो. ताईने मान वर केली. "कोण आलंय रे बरोबर?"

"कोणी नाही."

"असं काय करतोस? पाहुण्याला बस तरी म्हण."

इतक्या महिन्यांत ती एवढं लांबलचक पहिल्यांदाच बोलली होती.

दुसऱ्या दिवसापासून तिने जेवायला दोन ताटं मागितली. नारळाचा भात, मासळी, सगळं दोन ताटांत. दोन्ही ताटं रिकामी व्हायची. ताई न्हायली, केसांना तेल लावलं. गालांवर जरा मांस आलं.

खरं सांगतो, मला आनंद झाला. भीतीही वाटत होती, पण आनंद जास्त.

शेवटी न राहवून फमाऊ आजोबांना सगळं सांगितलं. त्यांनी टोमणा मारला नाही.

"आतून विचारलं? आणि तू 'या' म्हणालास?"

"तोंडातून गेलं."

"मग निरोपही तुलाच द्यावा लागेल. ज्याने बोलावलं त्यानेच पाहुण्याला दारापर्यंत पोचवायचं. दुसऱ्या कोणाचं नाही ऐकायचा तो. आणि उशीर करू नकोस, पोरा."

मी लगेच घरी आलो. ताईच्या खोलीबाहेर उभा राहिलो. तोंड उघडणार...

आतून ताईचं हसू ऐकू आलं.

पोर गेल्यापासून ती हसली नव्हती. माझ्याने निरोप देववला नाही. उद्या सांगू, असं म्हणालो. मग रोजच उद्या म्हणत राहिलो.

आज दुपारी ताई खोलीबाहेर आली. अंगावर काळा बुइबुइ, बाहेर जाताना घालायचा बुरखा. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत मेंदी, वेल अगदी नाजूक, सारखी.

ताई सगळं उजव्या हाताने करते. उजव्या हातावर तिला स्वतःला रेघही धड ओढता येत नाही. आणि घरात दुसरी बाई नाही.

"कुठे निघालीस?"

"अरे, ती एवढे दिवस आली आपल्याकडे. आता एकदा मी जायला नको का? रीत असते." ताई लाजून हसली. "म्हणते, तिच्या घरी लहान मुलं पण आहेत."

मी उंबऱ्यात आडवा बसलो. निरोप दिला. हात जोडून दिला, रडून दिला. पण फार उशीर झाला होता.

ताई अजून माझ्या मागे उभी आहे. रागावलेली नाही. मधूनमधून मागे वळून कोणाशी तरी हळू बोलते.

"जरा थांब," तिला सांगते. "तो झोपला की निघू."