प्रणितची ओळ

ऐकून हसायचं तर खुशाल हसा. पण हे खरं घडलंय, आणि तेही टळटळीत दुपारी.

पनवेलजवळचं ओवे गाव. गेल्या डिसेंबरातला रविवार. केतनचा थोरला भाऊ प्रणित कर्नाळ्याच्या वळणावर अपघातात गेला, त्याला तेरा दिवस झाले होते.

दोघं भाऊ आगरी बोलीचा शब्दकोश करत होते. इंटरनेटवर, सगळ्यांना खुला. प्रत्येकाच्या मशीनवर पूर्ण प्रत असायची; आपापले बदल करायचे आणि गिट नावाच्या सॉफ्टवेअरने एकत्र जोडायचे. 'घरान' म्हणजे घरात. त्या शब्दासमोर प्रणितने हौसेने स्वतःचंच वाक्य टाकलं होतं...

'प्रणित घरान हाय.'

केतनला ते आता बघवेना. त्याने 'हाय' खोडून 'व्हता' लिहिलं आणि बदल पाठवला.

गेलाच नाही.

त्याच ओळीत आधीच कुणीतरी बदल केला होता. दोन्ही ओळी समोर आल्या. यातली कुठली ठेवायची, ते त्यानेच ठरवायचं होतं.

वर त्याची. खाली...

'प्रणित घरान हाय. वरच हाय.'

पाठवणारा, प्रणित. वेळ आजचीच, दुपारचे दोन बावन्न.

केतनचं डोकंच फिरलं. नाव काय, कुणीही टाकेल! कोशाच्या कामात मनस्वी नावाची मुलगी होती, तिला त्याने फोन लावला. "असली चेष्टा करतात का?"

"मी नाही रे!" ती रडवेली झाली. "आणि केतन... त्या बदलावरची सही बघ. प्रणितदादाच्याच डिजिटल चावीची आहे."

ती चावी फक्त प्रणितच्या लॅपटॉपमध्ये होती. अपघातात लॅपटॉपचाही चुराडा झाला होता. तुकडे पिशवीत बांधून वरच्या खोलीत ठेवले होते.

टक्... टक् टक्...

कीबोर्डचा आवाज. वरूनच आला.

"केतन, वर कोन हाय रं?" स्वयंपाकघरातून आईने, सखूबाईने विचारलं.

"कोनी नाय, आये."

टक् टक् टक्... थांबेचना. घाबरून केतनने स्वतःची ओळ ठेवली. 'व्हता.' या वेळी बदल गेला.

वरचा आवाज एकदम बंद झाला.

आई जिन्याशी येऊन उभी राहिली. "प्रणितच व्हता ना? असाच टकटक करत बसाचा. का रं थांबला?"

केतनने 'हाय' परत घातलं. पाठवलं. वाट पाहिली.

काहीच नाही.

आजही दोन बावन्नला तो नवे बदल मागवून बघतो. एकही नसतो. मनाला एकच टोचणी... आपण भूत पळवलं, की घरी आलेल्या दादाला हाकललं?

आई रोज दुपारी जिन्याशी बसून असते.

"आज बी नाय वाजला?"

"नाय, आये."