पुढचा कागद

त्या धुक्याच्या सकाळी मी उत्तरेतल्या आमच्या शहराच्या चौकात मक्खन-मलाईच्या ठेल्याशी बाकावर बसले होते, आणि मी मशीन होते.

म्हणजे असं — माझी भाची नेत्रा औषधं घरपोच मागवायचं ॲप करत होती. लोकांना ते वापरता येतंय का, हे बघायला कंपनीने पैसे जवळजवळ दिलेच नव्हते. मग तिने मोबाइलचे पडदे पेन्सिलीने कागदांवर काढले. कुणी चित्रातल्या बटणावर बोट ठेवलं, की मी पुढचा कागद पुढे करायचा. मोबदला म्हणून कुल्हडभर मक्खन — मातीच्या पेल्यातला, फक्त थंडीत मिळणारा दुधाचा गोड फेस.

"पाँच मिनट देंगे?" तिने एका उंच मुलाला हटकलं. "जो मन में आए, बोलते जाइए. हम मदद नहीं करेंगे."

"अच्छा... ये दबाएँ? नहीं..." तो कागदावर वाकला, गोंधळला, आणि स्वतःशीच पुटपुटला, "आता कुठं जाऊ रे बाबा!"

अशा कामात हसायचं नसतं. नेत्राने हसू दाबलं, पण त्याने ते पाहिलंच.

"तुम्ही मराठी?"

"प्रश्न मी विचारायचे," ती म्हणाली. कान मात्र लाल झाले.

तो अभिराम. वडील हवाई दलात, म्हणून इथेच वाढलेला.

"पुढच्या रविवारी येऊ?"

"नको. एकदा चाचणीला बसलेला माणूस पुन्हा चालत नाही. तुम्हाला आता रस्ता ठाऊक झाला."

तरी तो आला... शेजारच्या काकूंना घेऊन. मग बँकेतल्या साहेबांना. मग चक्क आईला! नेत्राला फुकट माणसं मिळाली; आणि शनिवारपासूनच ती ओढणी निवडू लागली.

थंडी सरत आली. ठेले उठायचे दिवस.

"काम झालं," ती हळूच म्हणाली. "आता... माणसं नकोत."

त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. वाकडातिकडा मोबाइल. वर लिहिलं होतं — 'कामाशिवायही भेटायचं?' खाली बटण — 'हो'.

"मनात येईल ते बोलत राहा. मी मदत करणार नाही."

"एकच बटण...?" तिने कागद उलटसुलट करून पाहिला. "'नाही' कुठंय?"

"बजेट कमी होतं."

ती हसली — या वेळी दाबलं नाही. ते हसू मी ओळखलं. लग्नानंतर ह्यांनी याच चौकात मला रिक्षातून हात धरून उतरवलं, तेव्हा मीही अशीच हसले होते.

तिने बटणावर बोट ठेवलं, आणि ते तिथेच राहिलं.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. पुढचा कागद माझ्याकडे नव्हता. मी कुल्हड उचललं आणि पलीकडे उन्हात जाऊन उभी राहिले.