सातवी बाटली

तळ्याच्या पाण्यात एक रसायन सापडलं होतं. उन्हाने विटेना, पावसाने धुपेना, नकोशा पाहुण्यासारखं ठाण मांडून बसलेलं. ते येतं कुठून हे शोधणं पाण्याचे नमुने गोळा करणाऱ्या नमुनेकाकांचं काम. रीत सोपी. तळ्यापासून गटाराच्या उलट्या अंगाने वर जायचं, फाटा फुटेल तिथे दोन्हीकडचं पाणी बाटल्यांत भरायचं आणि खराब पाण्याकडे वळायचं. वळता वळता काका थेट मेव्हणीच्या लाँड्रीत पोचले!

आठवड्याभरात दुकानाला सील लागणार होतं. बायकोने अबोला धरला. चौथ्या दिवशी तोंड उघडलं, ते न उघडतं तर बरं.

"माझ्या बहिणीचं सोडून दुसरं गटारच मिळालं नाही तुम्हाला?"

तेवढ्यात प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला.

"काका, पडताळ्यासाठी तुम्ही सोबत नेता ती शुद्ध पाण्याची बाटलीसुद्धा खराब निघाली. अंगात काय होतं?"

"नवा रेनकोट. थेंब म्हणून ठरत नाही त्यावर."

"ठरेल कसा? त्याला तेच रसायन चोपडलेलं असतं!"

काखेत कळसा नि गावाला वळसा! काका मनातून पार खजील झाले.

दुपारीच साध्या सदऱ्यात ते लाँड्रीमागच्या चेंबरवर ओणवे झाले. खालून कुबट, गार वाफ आली. सहावी बाटली भरून होते न होते तोच खालच्या अंधारात कुणीतरी बाटली बुडवली. डुबुक... डुबुक... मग झाकण फिरवल्याचा आवाज.

"उजेड... जरा इकडे..."

काकांनी सवयीने टॉर्च तिकडे धरला. खाली कोणीच नव्हतं. मग मात्र काका बाटल्यांची पिशवी उचलून, चपला तिथेच टाकून पळाले.

दोन दिवसांनी संध्याकाळी फोन आला.

"सहाही बाटल्या स्वच्छ. दुकान वाचलं, काका."

काकांचे डोळेच भरून आले.

"पण सातवी भयंकर आहे."

"सातवी? मी सहाच भरल्या..."

"लेबलवर अक्षर तुमचंच आहे. ठिकाण, तुमचं न्हाणीघर. वेळ... आज संध्याकाळी पावणेसहा."

काकांनी घड्याळ पाहिलं. साडेपाच.

"बोलणं आटपा आता," बायको कुजबुजली. "तुमच्या ऑफिसातले कुणी आलेत. हात धुतो म्हणून न्हाणीघरात गेलेत, ते अजून बाहेर आलेले नाहीत..."