काट्यावरची गोगलगाय

"ड्रायव्हर खाली उतरा... माणसांसकट वजन होत नसतं!"

भोंग्यातला आवाज ऐकून गाडीतला माणूस दचकला. घाईघाईनं खाली उतरला आणि आवाज आला कुठून ते शोधत चक्क आकाशाकडे बघू लागला. केबिनच्या काचेमागून बोलणाऱ्या तिला हसू आवरेना. रोजचे ट्रकवाले भोंग्याकडे ढुंकूनही बघत नसत. हा गडी नवखा होता.

गाडीही तशीच. कधीकाळी लाँड्रीचे कपडे पोचवणारी जुनी व्हॅन. आता तिला नव्या खिडक्या पाडल्या होत्या, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे होते, टपावर एक इवलंसं धुराडंही होतं. मागच्या दारावर कुणीतरी लहान मुलाच्या हातानं गोगलगाय रंगवली होती. आणि अख्खी गाडी डावीकडे कलली होती, त्या अंगाला कुणी तिच्या कानात काहीतरी सांगत असावं तशी.

आता खरं तर तिनं वजन करायचं, पावती द्यायची आणि पुढची गाडी बोलवायची. हमरस्त्यालगतचा हा वजनकाटा तिच्या बाबांचा. अंगणात जमिनीलगत बसवलेला लांबलचक लोखंडी फलाट, त्यावर गाडी उभी राहिली की केबिनमध्ये आकडा उमटायचा. वाळू, लाकूड, भंगार, सगळं तिच्यासमोरून जायचं. ट्रकवाले तिला काटेवाली म्हणायचे. बाबा मात्र चौकशीखिडकी म्हणायचे, आणि ते काही उगाच नाही. माल कुठून आला, कुठं चालला, तिथं समुद्र आहे का, तिथली माणसं दुपारी झोपतात का... हे विचारल्याशिवाय तिच्या हातून पावती सुटत नसे. सगळ्या गाड्या कुठं जातात ते तिला ठाऊक होतं. ती स्वतः मात्र पुढच्या वळणापलीकडे गेली नव्हती. उन्हाळा आला की काट्यावर गर्दी, आणि बाबा एकटे. कसं जाणार?

ती केबिनमधून उतरून थेट गाडीपाशी आली.

"धुराडं कशाला हो?"

"ते... शोभेला. भाचीचा हट्ट," तो म्हणाला. त्याच्या केसांत लाकडाचा भुसा अडकला होता. "वजन किती भरलं?"

तिनं आकडा सांगितला. तो विचारात पडला. "म्हणजे किती माणसं?"

"माणसं?"

"मी लिफ्ट दुरुस्त करतो. आमच्याकडे वजन माणसांत मोजतात."

तिला हा हिशेब फार आवडला. "मग लिफ्टवाले, तुमची बरीचशी माणसं डावीकडे उभी आहेत. लिफ्टमध्ये चालतं का असं?"

"लिफ्ट रुळांवर असते ना. डावं-उजवं करायची मला सवयच नाही..." तो ओशाळून हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडली. गाडीसारखाच हाही एकीकडे कललेला, असं तिच्या मनात आलं आणि तिनं पटकन नजर वळवली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. विचारणारी ती होती, बाहेर येणारच. तीन वर्षं दर सुट्टीला तो ही गाडी सजवत होता. भाचीची शाळा सुटली की आई, मावशी आणि भाचीला घेऊन डोंगरापलीकडच्या तळ्याला जायचं, हे त्याचं स्वप्न. पण घरच्यांनीही आपापली स्वप्नं गाडीत आणून ठेवली. आईचं लोखंडी शिलाई मशीन, मावशीच्या कुंड्या, भाचीच्या माशांची काचेची पेटी. एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणणं ह्या गड्याला जमत नसे. आता डावीकडचे टायर झिजत होते, ब्रेक दाबला की गाडी एकीकडे ओढत होती. गॅरेजवाल्यानं बजावलं होतं, गाडी सरळ उभी राहत नाही तोवर वळणाच्या रस्त्यानं जायचं नाही. म्हणजे यंदाही सहल बोंबलायची चिन्हं होती.

"पण सगळं डावीकडेच का?"

"तळं रस्त्याच्या डाव्या हाताला आहे. सगळ्यांना डावी खिडकी हवी."

तिनं हातानं रस्ता उलटा दाखवला. "आणि येताना?"

"येताना काय?"

"येताना तळं उजवीकडे असेल ना."

तीन वर्षांत घरात चार माणसं असून हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मग तो इतका मोठ्यानं हसला की मागे उभ्या ट्रकवाल्यानं हॉर्न देऊन दोघांना भानावर आणलं.

पुढच्या रविवारी तो परत आला. त्याच्या पुढच्याही. एका बाजूची चाकं काट्यावर आणि दुसऱ्या बाजूची जमिनीवर ठेवून ती आधी डावी बाजू मोजायची, मग गाडी वळवून उजवी. मासे उजवीकडे गेले, तर मावशीनं डावीकडे दोन कुंड्या वाढवल्या. कुंड्या हलल्या, तर आईनं मशीनच्या खणात कात्र्यांचं दुकान भरलं.

"घर सांभाळू की गाडी?" तो कपाळाला हात लावायचा.

"घरच चाकांवर घेतलंत, आता भोगा!" ती म्हणायची.

रविवार उजाडला की ती केबिनची काच दोनदा पुसू लागली. बाबांनी ते पाहिलं.

अशाच एका रविवारी घात झाला. बाबा केबिनमध्ये होते, गाडी काट्यावर होती आणि ती बाहेर उभी होती. मागचं दार उघडं होतं. पडद्यांना आतून कुठलं कापड लावलंय, एवढंच बघावं म्हणून ती आत चढली. घडीचं टेबल उघडून पाहिलं, मशीनचं चाक फिरवून पाहिलं, माशांना बोट दाखवलं. आतमध्ये ताज्या लाकडाचा वास होता. प्रत्येक खणाच्या कडा त्यानं गुळगुळीत घासल्या होत्या, भाचीच्या हाताला लाकडाचं कुसळ लागू नये म्हणून. त्या कडेवरून बोट फिरवताना तिला काहीतरी झालं. हा माणूस कुणाचं मन मोडू शकत नाही, कडाही टोचू देत नाही... आणि तो इथं दर रविवारी येतो, ते फक्त काट्यासाठीच का?

ती खाली उतरली, तोच भोंगा गरजला.

"अरेच्चा! पंचावन्न किलो एकदम कमी कसे झाले? चौकशीखिडकी... तू आत होतीस का गं?"

अख्खं अंगण हसलं. दिवसभर दुसऱ्यांना "खाली उतरा" म्हणून ओरडणारी काटेवाली स्वतःच काट्यावर सापडली होती, आणि वजन भोंग्यातून जगजाहीर! ती कानापर्यंत लाल झाली. लिफ्टवाला मात्र हसला नाही. ओठ घट्ट मिटून तो पहिल्या दिवसासारखा आकाशाकडे बघत राहिला.

त्यानंतर दोन रविवार तो आलाच नाही.

तिसऱ्या रविवारी गोगलगाय वळणावर दिसली तेव्हा तिच्या जिवात जीव आला... आणि लगेच तिचा चेहराही उतरला. कारण गाडी जवळजवळ सरळ चालत होती. सरळ झाली म्हणजे तो निघणार. मग कशाला येईल तो काट्यावर?

"उद्या शाळा सुटतेय," तो उतरत म्हणाला. "हे शेवटचं वजन."

तिनं केबिनमध्ये जाऊन डावी बाजू मोजली, मग उजवी. आकडे बघून ती थबकली. अजून फरक आहे, पुढच्या रविवारी या, असं सांगावंसं वाटत होतंच. आणि गंमत म्हणजे ते खोटंही ठरलं नसतं. फरक होता, पण उलटा. आता डावी बाजूच हलकी होती. तो आणखी आठवडाभर अडकला असता... आणि भाची दाराशी बॅग घेऊन बसली असती. ती बाहेर आली.

"डावीकडून जरा जास्तच काढलंत. मावशीच्या दोन कुंड्या परत ठेवा, झालं काम. उद्या निघू शकाल."

एवढं बोलून ती पावती लिहू लागली.

"कुंड्या नको. ती बाजू मी मुद्दाम हलकी ठेवलीय."

"मुद्दाम?"

"इतके दिवस मी खाली उतरून वजन करत होतो. पण खाली उतरून गाडी चालवणार आहे का मी? मी पन्नास किलोचा काडीपैलवान, तरी मी उजवीकडे बसलो की गाडी उजवीकडे जाते. शेजारच्या सीटवर कुणीतरी हवं... आई मागेच बसणार, समोरून येणारा रस्ता बघून तिला धडकी भरते. मावशी कुंड्यांपाशी. भाची माशांपाशी. त्या तिघी मागे एकमेकींना तोलतात." तो थांबला. केसांतला भुसा झटकू लागला. "लिफ्टमध्येही माणसांच्या विरुद्ध बाजूला एक वजन टांगलेलं असतं. ते नसलं तर नुसती ओढाताण होते. मी दोन आठवडे बसून सगळं नव्यानं मांडलं... पंचावन्न किलो धरून."

तिचं पावती लिहिणं थांबलं.

"मुलीचं वजन असं... लक्षात ठेवतात का?"

"तुमचं राहिलं. सगळंच राहतं. तुम्ही प्रश्न विचारलात की मला वाटतं, उत्तर संपूच नये. मला तुम्ही फार आवडता."

एवढे प्रश्न विचारणाऱ्या तिला आता एकही सुचेना. सुचला तो भलताच. "आणि घरचे?"

"आईनं त्या सीटला नवं कव्हर शिवलंय. विचारत होती, रंग आवडेल का म्हणून."

तिनं मागे वळून केबिनकडे पाहिलं. बाबा दारात उभे होते.

"बाबा... ऐन उन्हाळ्यात काट्यावर कोण बसेल?"

"तू जन्मायच्या आधी कोण बसत होतं?"

"पण तुम्ही कधी म्हणालाच नाहीत, जा म्हणून!"

"तू कधी विचारलंच नाहीस. साऱ्या जगाला विचारलंस!" बाबा म्हणाले आणि केबिनमध्ये जाऊन बसले.

शेजारच्या सीटचं दार त्यानंच उघडलं. कव्हर आभाळी रंगाचं होतं, कडेला बारीक पांढरी शिलाई. ती चढून बसली. तो स्टिअरिंगमागे बसला. डावी चाकं काट्यावर चढली, आकडा झाला. मग तो गाडी वळवू लागला, सावकाश, माशांचं पाणी हिंदकळू नये म्हणून.

"तळं जाताना कुठल्या हाताला?" तिनं विचारलं.

"डाव्या. तुमच्या."

"आणि येताना?"

"माझ्या. पण मी बघणार नाही."

"का?"

"रस्ता बघावा लागेल ना. तुम्ही बघून सांगा... सांगशील?"

"सांगेन. तुला मी आवडते म्हणालास ना," ती म्हणाली. मग मान वळवून स्पष्टच म्हणाली, "मलाही तू आवडतोस. तो धुराड्याचा पहिला प्रश्न विचारला, तेव्हापासून."

उजवी चाकं काट्यावर स्थिरावली. दोघं भोंग्याकडे बघत राहिले. आत बाबा बहुधा आकडा पुन्हा पुन्हा बघत होते, कारण भोंगा नुसताच खरखरत होता. शेवटी त्यांनी घसा साफ केला.

"दोन्ही बाजू... सारख्या!" आणि मग भरून आलेला आवाज लपवायला की काय, ते एकदम खेकसले, "आता खाली उतरा! माणसांसकट वजन होत नसतं!"

तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशी ओरडली, "आमचं माणसांसकटच आहे, बाबा!"